सुपरहिरो मालिकांतलं पात्र बदललं की आपण नेमकं कशावर चिडतो?

मांजरपाट (धागाकर्ती):

आधीच सांगून ठेवते, या धाग्यात स्पॉयलरांचा पाऊस पडणार आहे. 'एजंट्स ऑफ शील्ड', 'अ‍ॅरो', 'फ्लॅश', 'डेअरडेव्हिल', 'वांडाव्हिजन', 'लोकी', 'द बॉईज' यांतलं काही बघायचं राहिलं असेल तर इथूनच मागे फिरा. नंतरची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

निमित्त असं की 'एजंट्स ऑफ शील्ड' पुन्हा पहिल्यापासून लावलीय आणि काल पहिल्या सीझनच्या सतराव्या भागापाशी पोचले. ज्यांनी पाहिलीय त्यांना आकडा वाचूनच कळलं असेल. ग्रँट वॉर्ड. एप्रिल २०१४ मध्ये 'विंटर सोल्जर' लागला, शील्ड ही संस्था हायड्रा या शत्रूच्या संघटनेनं आतून पोखरल्याचं त्यात उघड झालं, आणि चारच दिवसांनी आलेल्या या भागात वॉर्डनं विमानात वरिष्ठ एजंट व्हिक्टोरिया हँडला गोळ्या घातल्या. तोवर सोळा भाग आपण त्याला ठोकळा म्हणत होतो. चेहरा हलत नाही, विनोद जमत नाही, साच्यातून काढलेला देखणा एजंट. मग कळलं की ठोकळेपणा हाच त्याचा मुखवटा होता.

तेव्हा मी भयंकर चिडले होते. पण ती चीड वॉर्डवर होती, मालिकेवर नव्हती. पुन्हा बघताना तर सगळं आधीच पेरलेलं दिसतं. सोळाव्या भागात ताब्यात असलेल्या, खुर्चीला खिळलेल्या माणसाला तो गोळी घालतो. पहिल्यांदा बघताना मी म्हटलं होतं, टीममधल्या स्कायच्या काळजीपोटी राग आवरला नाही बिचाऱ्याला. बिचारा!

उलट २०२२ मध्ये डॉक्टर स्ट्रेंजचा दुसरा सिनेमा बघून बाहेर पडले तेव्हा माझी चीड वांडावर नव्हतीच. ती लिहिणाऱ्यांवर होती. 'वांडाव्हिजन'चे नऊ भाग जी बाई नवऱ्याच्या आणि मुलांच्या दुःखातून धडपडत बाहेर येताना पाहिली, ती सिनेमात थेट माणसं चिरडत सुटली. मधलं सगळं कुठं गेलं?

तर माझा मुद्दा असा. पात्र वाईट झालं, हरलं, अगदी मेलं तरी आपली हरकत नसते. ते आपल्या डोळ्यांआड बदललं की आपण म्हणतो, कॅरेक्टरची वाट लावली. तुमचं काय? उदाहरणं टाका. भांडायचं तर बघितलेल्या मालिकांवरून भांडा.

दोन_फुल्या:

वॉर्ड गेला खड्ड्यात. त्याच मालिकेतल्या फिट्झबद्दल बोला.

शेवटचा_बाक:

झालं, खपली काढलीत.

'अ‍ॅरो'मधली लॉरेल लान्स. तिच्यावरून मी तुमचा मुद्दा खोडून काढतो, कारण तिचं सगळं आमच्या डोळ्यांसमोरच झालं होतं. पहिल्या सीझनमध्ये वकील. दुसऱ्यात दारू आणि गोळ्या. तिसऱ्याच्या सुरुवातीला बहीण सारा मरते, ही तिचं जॅकेट चढवते, रस्त्यावर उतरते आणि मार खाते. चांगला सणसणीत मार. मग टेड ग्रँटकडे मुष्टियुद्ध शिकायला जाते. लोक तिला हसत होते तेव्हाही मला ते आवडलं होतं, कारण पोशाख घातला की लगेच लढता येतं असं दाखवायचा मोह त्यांनी टाळला. चौथ्या सीझनपर्यंत ती खरोखर ब्लॅक कॅनरी वाटायला लागली.

आणि त्याच सीझनच्या अठराव्या भागात तिला मारली. एप्रिल २०१६. तारीख लक्षात राहावी असा तो एकच भाग. सीझनच्या पहिल्या भागात एक कबर दाखवली होती, आठवतंय? त्या कबरीत कोण आहे हे ती दाखवताना ठरलेलंच नव्हतं, असं निर्मात्यांनीच नंतर सांगितलं. म्हणजे खड्डा आधी खणला आणि मग त्यात बसेल असं माणूस शोधत फिरले.

त्याहून वाईट म्हणजे तिचा शेवटचा प्रसंग. हॉस्पिटलच्या खाटेवर ती नायकाला, ऑलिव्हरला, सांगते की माझ्या आयुष्यातलं प्रेम तूच, मी तुझं नसले तरी. तीन वर्षं स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकलेली बाई जाता जाता पुन्हा ऑलिव्हरच्या गोष्टीतलं एक पान होऊन गेली. यात डोळ्यांआड काय होतं, सांगा बघू.

रातकिडा:

बाक, सगळं मान्य, पण तुझा पुढचा प्रतिसाद फेलिसिटीवर येणार हे मला दिसतंय. तेव्हा आधीच आडवा येतो.

फेलिसिटी स्मोक पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात आली ती एका भागापुरती. ऑलिव्हर गोळ्यांनी चाळण झालेला लॅपटॉप तिच्यापुढे ठेवतो आणि सांगतो, कॉफी सांडली. ती त्याच्याकडे ज्या नजरेनं बघते त्या नजरेवर तिची पुढची नोकरी पक्की झाली. दुसऱ्या सीझनपासून ती मुख्य पात्रांत. हे प्रेक्षकांनी घडवलेलं पात्र आहे. आम्ही मागितलं, त्यांनी दिलं.

मग त्याच प्रेक्षकांनी तीन वर्षांत तिला शिव्या का घातल्या? माझ्या मते कारण साधं आहे. आधी ती ऑलिव्हरला तोंडावर 'खोटं बोलतोयस' म्हणणारी एकटीच होती. नंतर तिचं कामच बदललं. ती ऑलिव्हरबरोबर आहे की नाही, एवढाच तिच्याबद्दलचा प्रश्न उरला. मालिका सुरू होऊन दोन-चार वर्षं झाली की शिपिंगवाल्यांचं, म्हणजे पात्रांच्या जोड्या जुळवणाऱ्या चाहत्यांचं (हो, मीही त्यातलाच) ऐकून लिहिणारे असं करतात. आम्ही जोडी मागितली होती, माणूस काढून घ्या असं म्हटलं नव्हतं.

शेवटचा_बाक:

येणारच होता तो प्रतिसाद. आता नाही लिहीत.

कडूनिंब:

धागा छान आहे, चर्चाही छान चाललीय. त्यात थोडं कडू घालते.

आतापर्यंत इथं कोणाकोणाची नावं आली बघा. वॉर्ड सोडला तर वांडा, लॉरेल, फेलिसिटी. आता 'फ्लॅश' घ्या. बॅरी अ‍ॅलन पहिल्या सीझनच्या शेवटी भूतकाळात जाऊन आईला न वाचवता परत येतो. फार सुंदर प्रसंग आहे तो, ग्रँट गस्टिनचं सगळ्यात चांगलं काम. पुढच्याच सीझनच्या शेवटी वडील मारले गेल्यावर तो पुन्हा जातो आणि आईला वाचवतो. म्हणजे एका सीझनचं शहाणपण धुऊन टाकतो. त्यातून जी उलथापालथ होते तिच्यात त्याचा मित्र सिस्को याचा भाऊ मेलेला निघतो आणि ऑलिव्हरचा साथीदार डिगल याची मुलगी सारा कधी जन्मलेलीच नसते, तिच्या जागी मुलगा असतो. एका मित्राचं मूल पुसलं गेलंय! आणि बॅरीला माफ करायला प्रेक्षकांना किती वेळ लागला? दोन-चार भाग.

बॅरीच्या आयरिस वेस्टनं मात्र चौथ्या सीझनमध्ये 'आपण फ्लॅश आहोत' एवढं एक वाक्य म्हटलं. त्यावरून वर्षानुवर्षं मीम्स चालली. तिचं काम करणाऱ्या कँडिस पॅटनला पहिल्या दिवसापासून वंशद्वेषी शिवीगाळ सोसावी लागली, हे तिनं स्वतः मुलाखतींत सांगितलंय. 'द बॉईज'मधल्या स्टारलाईटच्या, म्हणजे एरिन मोरिआर्टीच्या वाट्याला स्त्रीद्वेषी शिवीगाळ आली. 'शी-हल्क' आली तेव्हा तर मजाच झाली. लोक काय बोलणार हे लेखिकांनी आधीच लिहून मालिकेत घातलं होतं आणि लोक बरहुकूम तेच बोलले.

तेव्हा 'पात्राचा विकास नीट झाला नाही' या वाक्याच्या आड बऱ्याचदा वेगळंच काही बसलेलं असतं. सगळ्यांचं असं म्हणत नाही. पण चीड कोणावर टिकते आणि कोणावरची विरघळते, हे एकदा तपासून बघायला हरकत नाही.

मांजरपाट:

कडूनिंब, हे मूळ धाग्यातच यायला हवं होतं. राहिलं, कारण मीही आयरिसच्या त्या वाक्यावर हसलेय. लिहिताना आठवलं आणि कसंतरी झालं.

एक मात्र नोंदवते. आयरिसला पहिला जवळजवळ पूर्ण सीझन तिच्या घरच्यांनी आणि मित्रांनी मिळून अंधारात ठेवलं होतं. बॅरीला माहीत, वडिलांना माहीत, तिच्या मित्राला, एडीलाही माहीत, फक्त हिला नाही. आणि ही पत्रकार! प्रेक्षकाला जे पहिल्या भागापासून माहीत आहे ते एखाद्या पात्राला वीस भाग कळू द्यायचं नाही, म्हणजे त्याला मूर्ख ठरवायचं पक्कं करायचं. तो दोष लिहिणाऱ्यांचा, शिव्या मात्र नटीला.

चकवा:

मी वयानं तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे, त्यामुळे जरा जुनं बोलतो.

आमच्या वेळी सुपरहिरो बदलत नसत. १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या हल्कच्या मालिकेत बिल बिक्सबी दर भागाच्या शेवटी पाठीवर पिशवी टाकून रस्त्याला लागायचा, मागे तो उदास पियानो. पुढच्या भागात नवं गाव, नवं नाव, पुन्हा तेच. 'शक्तिमान'मधला गंगाधर पहिल्या भागात जसा बावळट तसाच शेवटपर्यंत. कोणी विचारलं नाही की याचा विकास कधी होणार. आम्हाला तो तसाच हवा होता.

बदल मागायची सवय मला वाटतं 'स्मॉलव्हिल'नं लावली. २००१ ते २०११, दहा सीझन, २१७ भाग. त्यांचा नियमच होता की पोशाख नाही आणि उडणंही नाही. क्लार्क अजून सुपरमॅन झालेला नाही, होतोय, एवढ्यावर दहा वर्षं काढली. खरं सांगायचं तर क्लार्कसाठी मी ती बघतच नव्हतो. सुपरमॅनचा पुढचा शत्रू लेक्स लूथर, त्याच्यासाठी बघत होतो. मायकेल रोझेनबॉमचा लेक्स सुरुवातीला खरोखर चांगला व्हायला धडपडत होता. बाप तसा, घर तसं, आणि जो एकमेव मित्र मिळाला तो रोज त्याच्याशी खोटं बोलणारा. क्लार्कच्या प्रत्येक थापेबरोबर लेक्स थोडा थोडा सरकत गेला. सात वर्षं लागली त्याला. टीव्हीला एवढा वेळ असतो याचं तेव्हा मला फार अप्रूप वाटलं होतं, सिनेमाच्या दोन तासांत हे होत नाही.

आणि शेवटच्या भागात त्यांनी काय केलं? लेक्सला परत आणलं, क्लार्कशी त्याची एक अप्रतिम भेट घडवली आणि मग त्याच्या बहिणीच्या, टेसच्या, हातून विष लावून त्याची आठवणच पुसली. का, तर पुढे सुपरमॅन कोण हे त्याला माहीत असून चालणार नाही. सोय लावली! आमची सात वर्षं त्याच्या डोक्यातून गेली, आमच्या डोक्यात मात्र राहिली. मी त्या रात्री टीव्ही बंद करून बराच वेळ नुसता बसलो होतो.

झुंजूमुंजू:

चकवाकाका, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला.

मी उलट्या बाजूचं उदाहरण देते. 'द बॉईज'मधला अतिवेगानं धावणारा ए-ट्रेन. पहिल्या भागाच्या पहिल्या काही मिनिटांत तो ह्युईच्या मैत्रिणीच्या, रॉबिनच्या, आरपार धावत जातो. ह्युईच्या हातात तिचे फक्त दोन हात राहतात. मग स्वतःच्या प्रेयसीला, पॉपक्लॉला, स्वतःच्या हातानं मारतो. या माणसाला माफ करायचं काही कारण नव्हतं, आणि मालिकेनं कुणावर ते लादलंही नाही. तिसऱ्या सीझनमध्ये तो ह्युईची माफी मागतो आणि ह्युई माफ करत नाही. फार बरं वाटलं होतं मला. माफी मागितली की पुढच्याच दृश्यात खांद्यावर हात, असं नाही केलं.

चौथ्या सीझनमध्ये ह्युईचा साथीदार एमएम अचानक कोसळतो आणि ए-ट्रेन त्याला उचलून हॉस्पिटलात पळवतो. बाहेर एक लहान मुलगा त्याच्याकडे बघतो आणि हसतो. कॅमेरा नाही, जाहिरात नाही, कंपनीनं लिहून दिलेलं भाषण नाही. आणि ए-ट्रेनच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं आहे. पाच वर्षं तो धावण्याच्या शर्यतीत पहिला राहण्यासाठी वाटेल ते करत होता. हे चालेल, हे मी घेते. कारण रॉबिन कोणी विसरलेलं नाही. त्यालाही ती विसरू दिलेली नाही.

अवांतर: त्याच मालिकेतल्या खलनायकाला, होमलँडरला, खरोखर नायक समजणारे प्रेक्षक हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तो भर गर्दीत एका माणसाचं डोकं उडवतो आणि क्षणभर शांततेनंतर गर्दी टाळ्या वाजवते. तो प्रसंग कोणाला उद्देशून होता हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांनीही टाळ्याच वाजवल्या असणार.

रातकिडा:

मांजर, तुझ्या वांडाकडे परत येतो, कारण तिथं तू चुकतेयस असं मला वाटतं.

वांडा डोळ्यांआड बदललीच नाही. तिनं वेस्टव्ह्यू गावातल्या सगळ्या माणसांना डांबून ठेवलं होतं. ती माणसं शेवटच्या भागात तिच्याभोवती जमून सांगतात की आम्हाला तुझी दुःस्वप्नं पडतात, नाहीतर आम्हाला मरू दे. आणि मग तिची बाजू घेणारी मोनिका तिला काय म्हणते? तू यांच्यासाठी काय त्याग केलास हे यांना कधी कळणार नाही. यांना! ज्यांना हिनं छळलं त्यांनीच हिची कदर करायची. आणि अगदी शेवटी ती डोंगरातल्या घरात डार्कहोल्ड हे काळ्या जादूचं पुस्तक वाचत बसलेली, मुलांच्या हाका ऐकणारी दाखवलीय. यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं असतं?

माझ्या मते सिनेमानं तिला बिघडवलं नाही. मालिकेनं तिला फार स्वस्तात सोडून दिलं होतं. आपल्यालाही ती सुटलेली हवी होती, म्हणून आपण डोळे मिटले.

मांजरपाट:

अर्धं पटतंय. त्या मोनिकाच्या वाक्यावर मीही अडखळले होते, पण त्या मार्चमध्ये रडण्याच्या भरात सोडून दिलं.

उरलेलं अर्धं असं. दिग्दर्शक सॅम रेमीनं 'वांडाव्हिजन' पूर्ण पाहिलेली नाही, महत्त्वाचे तेवढे प्रसंग पाहिले, असं स्वतःच सांगितलंय. सिनेमात ते दिसतं. मालिकेत ती मुलांना 'आई म्हणून मला निवडलंत' म्हणून निरोप देते, नवऱ्याला, व्हिजनला, हातातून जाऊ देते. सिनेमात व्हिजनचं नाव जेमतेम येतं. वाईट होऊ दे की, माझी ना नाही. पण जो निरोप तिनं दिला होता तो तिला आठवत तरी असू दे.

शेवटचा_बाक:

'आठवत असू दे' यावरून लोकी सुचला.

मालिकेतला लोकी हा तो नव्हेच. ज्याला आपण तीन-चार सिनेमांत सुधारताना पाहिलं तो २०१८ मध्ये थॅनोसच्या हातून मेला. मालिकेतला २०१२ च्या लढाईतून निसटलेला. त्यानं आईचा मृत्यू पाहिलेला नाही, भावाशी, थॉरशी, समेट केलेला नाही. मग पहिल्याच भागात त्याला एका खोलीत बसवून त्याच्या न जगलेल्या आयुष्याची फिल्म दाखवतात, तो रडतो आणि झाला शहाणा! मी तेव्हा हात टेकले होते. आम्ही वर्षानुवर्षं बघितलं ते यानं दहा मिनिटांत बघितलं.

झुंजूमुंजू:

आणि दुसऱ्या सीझनचा शेवट?

शेवटचा_बाक:

तिथं मी गप्प. नोव्हेंबर २०२३, आणि मी पुरता गप्प. एकटं राहायला घाबरतो असं कबूल केलेला माणूस काळाच्या टोकाला एकटा जाऊन बसतो, काळाच्या सगळ्या फांद्या हातात धरून. त्याआधी त्या फांद्या सांभाळणारं यंत्र दुरुस्त करायला शतकानुशतकं शिकत राहतो. म्हणजे जी वर्षं त्याच्याकडून चुकली होती ती त्यांनी शतकांच्या व्याजानं वसूल केली म्हणायची. सिंहासन हवं होतं, मिळालं. असं.

कडूनिंब:

बाक 'हात टेकले'वरून 'गप्प'वर आला, हा या धाग्यावरचा पहिला कॅरेक्टर डेव्हलपमेंट.

चकवा:

आणि डोळ्यांसमोर झाला, म्हणून चालेल.

झुंजूमुंजू:

डेअरडेव्हिलचं कोणीच काढलं नाही म्हणून मी काढते. २०१५ च्या पहिल्या सीझनचा दहावा भाग. मॅट हाच आंधळा वकील डेअरडेव्हिल आहे हे त्याचं गुपित त्याच्या जिवलग मित्राला, फॉगीला, कळलंय आणि जवळजवळ पूर्ण भाग दोघं एका खोलीत भांडतात. एक जखमी, कोचावर पडलेला. दुसरा रडवेला. तू आंधळा तरी आहेस का, इथून सुरुवात. माझ्यासाठी आजही सगळ्या सुपरहिरो मालिकांतला सर्वांत चांगला भाग तोच आहे, त्या गाजलेल्या कॉरिडॉरमधल्या मारामारीपेक्षाही.

मालिका २०१८ मध्ये बंद पडली, ती परत यावी म्हणून चाहत्यांनी वर्षानुवर्षं मोहीम चालवली. मार्च २०२५ मध्ये 'बॉर्न अगेन' आली. आणि पहिल्याच भागाच्या सुरुवातीला फॉगी मारला. मॅट वरच्या गच्चीवर मारेकरी बुल्सआयशी झुंजतोय आणि खाली फॉगीच्या काळजाचे ठोके थांबल्याचं त्याला ऐकू येतं. मग तो बुल्सआयला खाली ढकलतो. जो माणूस तीन सीझन 'मी जीव घेणार नाही' यावर झगडला, तो ढकलतो. इथं मी श्वास रोखून बसले होते की आता पुढे काय. आणि पाटी येते, एक वर्षानंतर.

दोघांची मैत्रीण कॅरेन दुसऱ्या शहरात गेलेली, मॅटनं मुखवटा सोडलेला. ते वर्ष मला हवं होतं हो. मारला याचं दुःख आहेच, पण मारल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मॅट कसा होता हे मला का नाही बघू दिलं? अधूनमधून पुढे उल्लेख येतात, बुल्सआयशी सामनाही होतो. तरी.

मांजरपाट:

हे माझ्या डोळ्यांआडच्या यादीत घालते, हक्कानं.

दोन_फुल्या:

कोणी फिट्झवर बोलत नाहीये तर मीच बोलतो. लांब आहे, माफ करा.

वॉर्डनं पहिल्या सीझनच्या शेवटी फिट्झ आणि सिमन्स या टीममधल्या दोन शास्त्रज्ञांना समुद्रात सोडलं. फिट्झ वाचला पण मेंदूला इजा झाली. दुसऱ्या सीझनमध्ये त्याला शब्द सापडत नाहीत, हात थरथरतो, आणि शेजारी उभी सिमन्स ही त्याच्या डोक्यातली आहे हे आपल्याला पहिल्या भागाच्या शेवटी कळतं. दुसऱ्या कुठल्या मालिकेत हा माणूस तीन भागांत खडखडीत झाला असता. इथं महिनोन् महिने लागले. माझ्या घरात मेंदूचा झटका आलेलं एक माणूस आहे. नेमका शब्द जिभेवर असतो आणि येत नाही, तेव्हा चेहरा कसा होतो हे मला माहीत आहे. इयान डी कॅस्टेकरनं तो चेहरा बरोबर आणला होता. म्हणून हे पात्र माझं.

चौथ्या सीझनमध्ये आभासी जगात तोच फिट्झ क्रूर 'डॉक्टर' होतो, कारण त्या जगात त्याला बापानं वाढवलंय. त्याच जगात वॉर्ड मात्र चांगला, कारण त्याला हायड्राच्या गॅरेटच्या आधी व्हिक्टोरिया हँडनं हेरलं. (मांजरपाट, सतराव्या भागात त्यानं गोळ्या घातल्या तीच हँड. बघताना हे डोक्यात ठेव.) पाचव्या सीझनमध्ये जग खरं आहे, पण तो डॉक्टर फिट्झच्या डोक्यातून गेलेला नाही. तो डेझीला (म्हणजे आधीची स्काय) बांधून, तिच्या मनाविरुद्ध, तिच्या मानेतलं यंत्र कापून काढतो. आणि नंतर म्हणतो की ते करणं भागच होतं. डेझी त्याला माफ करत नाही. सिमन्सला काय करावं कळत नाही. मला वाटलं, आता खरी मालिका सुरू झाली. इतकी वर्षं बरोबर राहिलेली, एकमेकांवर जीव टाकणारी माणसं यातून कशी वाट काढणार?

काढावीच लागली नाही. सीझनच्या शेवटी तो फिट्झ मेला. आणि कालप्रवासाच्या भानगडीत दुसरा फिट्झ अंतराळात गोठवलेला शिल्लक होता, तो सहाव्या सीझनमध्ये शोधून आणला. या फिट्झनं ती शस्त्रक्रिया केलेलीच नाही. डेझीनं कोणाशी भांडायचं? चेहरा तोच, आवाज तोच, फक्त ज्याच्याशी भांडण होतं तो गेला.

लोक तेव्हा आनंदानं नाचत होते, फिट्झ परत आला म्हणून. मीही नाचलो. दोन दिवसांनी लक्षात आलं.

चकवा:

माझा लेक्स.

शेवटचा_बाक:

आणि माझी लॉरेल. कॅटी कॅसिडीला दुसऱ्या पृथ्वीवरची लॉरेल म्हणून परत आणली, खलनायिकेची हळूहळू चांगली केली. ते कामही वाईट नव्हतं. पण लॉरेलचा बाप क्वेंटिन तिच्यात मेलेली मुलगी शोधत राहतो आणि तिला तो कोण हेही धड आठवायचं कारण नाही.

कडूनिंब:

डिगलची मुलगीही यातच. बापाला सांगितलं तेव्हा तो हादरला, पण आठवण त्याला नव्हतीच. आठवत होतं फक्त बॅरीला आणि आपल्याला.

माझ्या आधीच्या प्रतिसादातलं एक दुरुस्त करते. बॅरीला प्रेक्षकांनी लवकर माफ केलं असं म्हटलं होतं. आता वाटतं, माफ केलं नाही. ज्यांनी त्याच्यावर चिडायचं त्यांच्याच डोक्यातून ते काढून टाकलं होतं, म्हणून विषय मिटला. आयरिसबद्दलचं मात्र एक अक्षर मागे घेत नाही.

रातकिडा:

सुपरहिरो मालिकांनाच हे जमतं. साध्या कौटुंबिक मालिकेत सासूनं केलेलं सून वीस वर्षं विसरत नाही. इथं समांतर विश्व काढलं की झालं.

(आमच्या फेलिसिटीची आठवण कधी पुसली नव्हती, एवढं नमूद करून खाली बसतो.)

मांजरपाट:

मी 'डोळ्यांआड' म्हणत होते ते थोडं बाजूला ठेवते. दोन_फुल्या, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सहावा सीझन पहिल्यांदा बघताना मला हे सुचलंसुद्धा नव्हतं, मी फक्त सिमन्ससाठी खूश होते. आता तिथवर पोचेन तेव्हा डेझीकडे बघत बसणार.

काल रात्री आणखी चार भाग झाले. एकविसावा संपला. वॉर्ड बटण दाबतो तिथं थांबवलं.

दोन_फुल्या:

म्हणजे आज बाविसावा. समुद्राचा तळ, दोघं, आणि एका श्वासापुरता प्राणवायू.

सावकाश बघ. त्यातला फिट्झ भराभर बोलतो, एकही शब्द अडत नाही त्याचा. तेवढं ऐकून घे.